सगळ्यांनाच द्या

आमचा टीम लीडर दिगंबर म्हणजे गोड बोलून गळा कापणारा माणूस. आम्ही घरून ऑफिसच्या सर्व्हरवर लॉगिन करून काम करायला लागलो, तेव्हा त्याला आमच्या स्क्रीन बघायच्या होत्या, न विचारता. हवा तेव्हा माउसही हातात घ्यायचा होता. पण जपानी साहेबांसमोर स्वतःसाठी काही मागणं बरं दिसत नाही. म्हणून मीटिंगमध्ये वाकून म्हणाला, "टीममधल्या सगळ्यांनाच परवानगी द्या, एकमेकांना मदत होईल." साहेब हो म्हणाले.

गेल्या आठवड्यात टोकियोजवळच्या उरायासुच्या घरात मी चहा घेऊन टेबलाशी आले, तर माझा माउस आपोआप फिरतोय! नव्या सिस्टिमचा, मी मरमर मरून केलेला आराखडा उघडा, आणि पहिल्या पानावरचं माझं नाव पुसून तिथे 'दिगंबर' टाइप होतंय. माझं डोकंच फिरलं. त्याला फोन लावला.

"अगं, मदत करतोय तुला," म्हणाला. "तसंही शुक्रवारी तुझ्या कॉन्ट्रॅक्टचा निर्णय आहे. साहेब वाढवतील असं काही वाटत नाही."

कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा, मुलीची शाळा, सगळंच गेलं. मेल्याला हे चांगलं ठाऊक होतं.

मी सर्व्हर सांभाळणाऱ्या हिरानो-सानना विचारलं, माझ्या स्क्रीनमध्ये शिरायची परवानगी एकट्या दिगंबर-साननाच कशी? ते शांतपणे म्हणाले, "तुम्हालाही आहे. सगळ्यांना द्या म्हणाले, सगळ्यांना दिली."

म्हणजे हा शहाणा दिगंबर नुसतं बोलायचं म्हणून बोलला, आणि हिरानो-साननी ते अक्षरशः केलं! इथे सांगाल ते तसंच्या तसं होतं, इतकी वर्षं जपानात काढून याला एवढंही कळू नये?

शुक्रवारी ऑनलाइन मीटिंग. माझं कॉन्ट्रॅक्ट ठरवणारे साहेब, विभागप्रमुख ओकुमुरा-सान, बघताहेत आणि दिगंबर आपल्या स्क्रीनवर माझा आराखडा 'मी केला, मी केला' म्हणत मिरवतोय. मी त्याच्या स्क्रीनमध्ये शिरले, माउस धरला आणि फाइलमधल्या बदलांची नोंद उघडली. उल्का, उल्का, उल्का. वरपासून खालपर्यंत माझंच नाव.

"उल्का, सोड माउस! सोड म्हणतो ना!" तो मराठीत किंचाळला.

ओकुमुरा-सानना मराठी कुठून कळणार? माझं नाव आणि 'माउस' मात्र कळलं. "उल्का-सान, माउस तुमच्याकडे आहे?"

"हो," मी म्हटलं. "याच आठवड्यात माझा यांच्याकडे होता."

त्यांनी बदलांची नोंद खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "दिगंबर-सान, तुम्ही थांबा. उल्का-सान, पुढचं तुम्ही सांगा. पुढच्या वर्षीचं कामही तुम्हीच मांडा."