वीतभर मावशी

मी एक जुने रिवाइंड मशीन आहे. म्हणजे काय, असे तुम्ही विचारणार. सांगायचा कंटाळा आहे, तरी सांगतो. पूर्वी सिनेमा कॅसेटमध्ये असायचा. बघून झाला की आतली फीत शेवटाला जाऊन बसायची. ती गुंडाळून सुरुवातीला आणणे हे खरे तर बघणाऱ्याचे काम. ते कोणी करत नसे, म्हणून माझा जन्म झाला.

कॅसेट भाड्याने देणाऱ्या एका दुकानात मी सोळा वर्षे काढली. मित्रांनो, मी हजारो सिनेमे पाहिले, पण सगळे उलटे. मेलेली माणसे उठून बसत, खलनायक तुरुंगातून सुटून हळूहळू सज्जन होई, आणि शेवटी नायक-नायिका एकमेकांना ओळखतही नसत. शेवट गोड कसा असतो, ते मला अजून कळलेले नाही.

नवा सिनेमा आधी थिएटरला लागे आणि काही महिन्यांनी कॅसेट होऊन आमच्याकडे येई. कॅसेट एक, वाट पाहणारी घरे पंधरा. "नवीन आहे, उद्या परत द्या," मालक बजावत. लोक परवा आणून देत आणि वर म्हणत, "गुंडाळायला मशीन आहे ना तुमच्याकडे?" मालक माझ्या पाठीवर थाप मारत. "गुणाचं आहे हो." पुढे माझा आतला पट्टा सैल झाला, तेव्हा त्यांनी त्या जागी रबरबँड घातला. तेव्हापासून मला धाप लागायची.

मालकांची एक मावशी होती, निवृत्त टायपिस्ट. तिने एका सिनेमात काम केले होते: बसथांब्यावर बसलेली बाई, चार सेकंद. सिनेमा लागला तेव्हा ती म्हणाली, "चौथ्या दिवशी जाऊ, गर्दी ओसरेल." गर्दी इतकी ओसरली की तिसऱ्याच दिवशी सिनेमा उतरला. मग मावशी कॅसेटची वाट बघत बसली. बसण्याचा तिला सराव होताच.

आठ महिन्यांनी कॅसेट आली. पण मालकांचा नियम होता: आधी गिऱ्हाईक, मग घरचे. "मावशी काय, थांबेल." पहिल्या चौदा घरांतून ती परत आली, तेव्हा प्रत्येक वेळी मी ती नीट गुंडाळली. पंधराव्या घरानंतर माझा रबरबँड घसरला. फीत अडकली, चुरगळली. मालकांनी खराब तुकडा कात्रीने कापला, टोके जोडली आणि हात झटकले.

दुपारी मावशी दोन शेजारणींना घेऊन आली. दुकानातल्या टीव्हीसमोर तिघी बसल्या. नायक बसथांब्याकडे वळला आणि पुढच्याच क्षणी बसमध्ये होता.

"मी कुठंय?" मावशीने विचारले.

"पुढे असशील," मालक म्हणाले.

पुढे नव्हती. सिनेमा संपून पडदा निळा झाला तरी तिघी बसून होत्या. शेवटी मालकांनी कचऱ्याच्या डब्यातून तुकडा शोधून आणला. वीतभर लांब, तपकिरी.

"चुकलं माझं. तू यात आहेस."

"आधी मला दाखवली असतीस तर?"

"गिऱ्हाईक होतं ना, मावशी."

"हो रे, गिऱ्हाईक."

तिने तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. असल्या फितीत डोळ्यांना काहीही दिसत नाही. मावशीने बराच वेळ पाहिले.

"बारीक दिसतेय," ती म्हणाली.

"जरा काळवंडलीस," एक शेजारीण म्हणाली.

कोणी हसले नाही. मावशीने तुकडा चष्म्याच्या घरात ठेवला.

दुकान बंद झाले तेव्हा मला न्यायला कोणी तयार नव्हते. मावशीने नेले. "मला पाहिलंय ते यानंच," ती म्हणाली. खरे आहे. चौदा वेळा पाहिले, उलटे. पण ती नुसती बसलेली होती, त्यामुळे सरळ पाहिल्यासारखेच झाले. हे तिला सांगायची सोय नाही. मी आता तिच्या कपाटावर आहे आणि माझ्यावर घड्याळ आहे.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. ज्याच्याकडून रोज काम करून घेता, त्याला थाप मारण्याआधी त्याचा पट्टा तपासा. आणि घरच्या माणसाला रांगेत शेवटी उभे करू नका. त्याची पाळी येईपर्यंत मशीन दमलेले असते.