जागी शीर

माझी सून मायाक्का, तिला अर्धशिशी. उठली की अर्धं डोकं फुटतं, उजेड सोसत न्हाय, वकून वकून पोरगी पार गळून जाती. आमच्या धनगरांत म्हनत्यात, कपाळाची शीर झोपली की असं हुतं. तापला इळा टेकवून तिला जागी करायची. येत्या अमावस्येला डोळ्याशेजारी डाग द्यायचा, असं माझ्या लेकानं, बिरप्पानं ठरवलं. मला ते पटंना. म्हटलं, "आदी सोलापूरच्या डाक्टराला दाव, मग तापव तुजा इळा."

आमच्या कुंभारी गावावरनं गाडी जुंपून तिघंबी गेलो. डाक्टर म्हणाला, "अर्धशिशीवाल्यांच्या शिरा कशा चालतात, ते मी तपासतोय. आधी गुडघा बघू." आता बोला! दुखतंय डोकं, आन् ह्यो गुडघा बगतोय! मायाक्काला उंच बाकावर बसवलं, पाय लोंबते. गुडघ्याखाली रबराची हातोडी टक्कन मारली, तसा पाय उडाला तो डाक्टराच्या मांडीलाच लागला.

मी भडकले. "अगं भवाने, देवमाणसाला लाथ मारतीस? पाया पड आदी!"

"म्या न्हाय वो मारली, आत्याबाई!" ती रडायलाच लागली.

डाक्टर हसला. "आजी, तुम्ही बसा." बसले. टक! आई गं! माजा पाय, आन् मला न इचारता उडाला! जल्मभर हिंडले ह्या पायावर, आन् त्यात माज्याबिगर कोन जागं हाय, त्येचा मला पत्ता न्हाय! हात आपसूक जोडले गेले.

मग त्यानं मायाक्काचा दुसरा गुडघा ठोकला, कपाळबी दोन्हीकडनं तपासलं. "हिच्या दोन्ही बाजूंच्या शिरा चांगल्या जाग्या आहेत," डाक्टर म्हणाला. "डाग देऊन कुणाला उठवणार? दुखणं मात्र खरं आहे. उठलं की अंधारात निजू द्या."

"बायका भोळ्या," बिरप्पा गुरगुरला. "माजा हलायचा न्हाय." मुठी आवळून, दात खाऊन बसला. पाय माज्यापरास जोरात उडाला. पुन्ना मारायला लावली, पुन्ना उडाला. लई येळ गुडघ्याकडंच बगत बसला. मग मायाक्काला म्हणाला, "तुजं डोकं बी असंच? तुला न इचारता?"

"व्हय," ती म्हणाली.

भाईर ऊन मी म्हणत हुतं. मायाक्कानं डोळ्यांवर पदर वढला. बिरप्पानं खांद्यावरचं घोंगडं काढलं, आन् भर पेठेत, समद्यांदेखत, बायकोच्या डोक्यावर सावली धरून चालाय लागला.