आमेर पाहिलेला तांब्या

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. मित्रांनो, झाकण फिरवून घट्ट लावायचं, म्हणजे प्रवासात पाणी सांडत नाही, म्हणून हे नाव. पुण्याच्या तांबट आळीत ठोके खाऊन मी घडलो. विनयाचं लग्न लष्करातल्या डॉक्टरांशी झालं, तेव्हा तिच्या वडिलांनी मला तिच्याबरोबर जयपूरला धाडलं.

जयपुरात येऊन वर्ष झालं, बाळ झालं, पण विनयाने शहर म्हणून पाहिलं नव्हतं. होळीनंतर मराठी बायकांची सहल ठरली. मालनताई पुढारी. त्या म्हणाल्या, तान्हं मूल घेऊन कुठे येतेस? विनयाने शब्द दिला, बाळ रडलं तर मी टांगा करून घरी जाईन, तुमचा खोळंबा करणार नाही.

पहाटे तिने बाळाच्या पावडरच्या दुधासाठी उकळतं पाणी माझ्यात ओतलं आणि थेंबही सांडू नये म्हणून झाकण जोर लावून आवळलं. तिथेच चुकलं. पाणी निवलं तसं झाकण गच्च बसलं.

हवामहालापर्यंत बाळ झोपून होतं. जंतरमंतरच्या अंगणात, उन्हात तापलेल्या त्या अवाढव्य दगडी यंत्रांमध्ये, त्याने भुकेने टाहो फोडला. विनयाने मला हातात घेतलं. झाकण हलेना. पदर धरून झालं, बसच्या ड्रायव्हरभैयाचाही जोर लावून झाला. सहलीतली चित्रा म्हणाली, "विनयाबाई, यात पाणी आहे की महाराजांचा खजिना?"

सगळ्या हसल्या. मालनताई हसल्या नाहीत. त्यांनी टांगा बोलावायला सांगितलं.

मित्रांनो, ज्या झाकणाचा मला अभिमान, त्यानेच माझ्या विनयाला घरी धाडावं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टांगा फाटकाशी आला. विनयाने डोळे पुसले आणि खाली पाहिलं. फरशी चटके देत होती. लोणच्याच्या बरणीचं झाकण अडलं की ती चुलीजवळ धरायची. तिने मला उलटं करून झाकणावर त्या फरशीवर उभं केलं. झाकण तापलं, फुगलं. तिने पदराने धरून पीळ दिला, आणि मी 'फुस्स' करून सुटलो.

बाळ चुटूचुटू दूध पिऊ लागलं. टांगा रिकामा परत गेला.

दुपारी आमेरच्या किल्ल्यात मालनताईंनी हात पुढे केले. "आण त्याला इकडे. शीशमहाल बघून ये सावकाश. मी बसते इथे."

विनया मला घेऊनच आत गेली. भिंतीभर आरसे, छतभर आरसे. एका विनयाच्या शेकडो विनया झाल्या, सगळ्या हसणाऱ्या, आणि प्रत्येकीच्या काखेत झळाळणारा एक तांब्या. कुठल्या राजाचा मुकुट असा मिरवला असेल?

आता घरात हलक्या बाटल्या आल्या, मी माळ्यावर काळवंडलो. कधीतरी चिंच लावून घासा मला, एवढंच मागतो. आणि मित्रांनो, सहलीला निघालात की आईकडून नुसते डबे भरून घेऊ नका. बसमध्ये खिडकीची जागा तिच्यासाठी धरा, आणि धाकट्याला थोडा वेळ तुम्ही सांभाळा.