सिदूचं बी

नवऱ्याच्या, सिदूच्या सुतकात मायाक्का ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती आणि समोर तिचा दीर बिरू हळद शिजवत होता. भाऊ गेला तरी त्यानं काढलेली हळद कुजू द्यायची नाही, एवढंच त्याच्या मनात. माणूस भला, पण सगळा जन्म उसात गेलेला. आंब्याखालच्या ढिगावरचा पाला त्यानं बाजूला केला आणि तिथले जेठे गड्डेही, हळकुंडांच्या मधले ते जाड कंद, घमेल्यानं काहिलीत ओतले.

ते बियाणं होतं, सिदूच्या आज्यापासून चालत आलेलं. बाकी गावानं कधीच नवी जात धरली होती. मायाक्काला सगळं दिसत होतं. पण तिला काही म्हणजे काही वाटलं नाही. तिची जीभच उचलली नाही.

जेवताना बिनहळदीच्या पांढऱ्या वरणात भाकरी मोडत बिरू म्हणाला, "वैनी, आवरलं बगा समदं. बी कुटं ठिवलंय दादानं?"

"शिजलं."

त्याचा घास हातातच राहिला. "आन् तुमी बगत बसला हुता?"

"व्हय."

गावभर झालं. दुसऱ्या दिवशी बांधाशेजारचा अण्णाप्पा डोक्यावर पोतं घेऊन आला. ओसरीपुढं उतरवून त्यानं पोत्याचं तोंड सोडलं. आत जेठे गड्डे.

"सिदूचंच बी हाय, वैनी," तो खाली बघत म्हणाला. "वड्याकडच्या तुकड्यात लावत हुतो."

ह्याच बियाच्या चोरीचा आळ अण्णाप्पावर घेतला म्हणून गावानं सिदूला देवळापुढं त्याच्या पाया पडायला लावलं होतं. त्यानंतर सिदू पारावर बसायचाच बंद झाला. मायाक्कासुद्धा त्याला म्हणाली होती, तुमचीच कायतरी चूक झाली असंल.

"त्ये हुते तवा का न्हाई बोललासा?"

"लाज वाटली."

"आन् आता?"

"आता त्यो बगाय न्हाई."

तिला राग आला. अण्णाप्पाचा आला, त्याहून स्वतःचा आला.

"देवळापुढं जावा, भावजी. ज्यांच्यासमूर त्यास्नी वाकवलं, त्यांस्नी सांगा. मला सुतक हाय, न्हाईतर मीच आले असते."

अण्णाप्पानं मान डोलावली, पायताण घातलं आणि देवळाची वाट सोडून सरळ घराकडं गेला. मायाक्का तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. मग तिनं पोतं ओढत आंब्याखाली नेलं, ओतलं, वर पाला टाकला आणि परत खांबाला टेकली.

तिसऱ्या प्रहरी शेतातनं आलेल्या बिरूला आंब्याखाली परत ढीग दिसला; थोडी हळद शिजवायची राहिलीच म्हणून तो घमेलं घेऊन तिकडं वळला.

"हात लावू नगा!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, की शेजारच्या बायका दारात आल्या. "बी हाय त्ये. माज्या मालकाचं."