आगरदांड्याचे अंदाज

राही शिगवण ज्या शाळेवर होती, तिथं पहिली ते चौथी अशा चार इयत्ता होत्या आणि शिकवायला ती एकटी. दिघीच्या धक्क्यापासून दोन मैल चढ चढून गेलं की ते गाव लागायचं. शाळा सुटली की मुलं आरडाओरडा करत खाली पळायची, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिच्याशी बोलणारं कुणी नसायचं. ज्यांच्या पडवीतल्या खोलीत ती राहायची, त्या चंद्राबाईंना कमी ऐकू यायचं. "बाय, जेवलीस?" एवढं त्या विचारायच्या, आणि राहीनं मान हलवली की संपलं.

तिचं लग्न चौदाव्या वर्षी झालं होतं. नवरा मुंबईला होता. तिथं त्यानं दुसरं बिऱ्हाड केलं आणि पत्रं यायची थांबली. मग तिच्या बापानं, कोंडाजीनं, तिला माणगावजवळच्या घरी परत आणलं आणि भावकीचं बोलणं ऐकत सातवीच्या परीक्षेला बसवलं. त्या परीक्षेवर तिला ही नोकरी लागली. कोंडाजी जाऊन आता दोन वर्षं झाली होती. घर भावाचं झालं होतं आणि भावजयीला राहीचं येणं फारसं आवडत नव्हतं.

एकसष्ट सालच्या पावसाळ्यानंतर शाळा तपासायला साहेब आले. त्यांनी हजेरीपट पाहिला, मुलांकडून पाढे म्हणून घेतले आणि जाताना म्हणाले, "बाई, बाहेरून एस. एस. सी. करून टाका. मग ट्रेनिंगला पाठवता येईल. मोठ्या शाळेवर जाल."

मोठी शाळा म्हणजे जास्त खोल्या, हे राहीच्या मनात आलं नाही. मोठ्या शाळेत दुसऱ्या बाई असतील, एवढंच आलं.

पुस्तकं तिनं मुरूडहून आणली. रविवारी सकाळी ती दिघीहून लाँचनं खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरायची, तिथून मुरूडच्या बाजारात जायची आणि दुपारी परतायची. अशाच एका रविवारी परतीचं तिकीट काढताना तिच्या काखेत बीजगणिताचं पुस्तक होतं. खिडकीतल्या माणसानं तिकीट फाडलं, पण पुढं केलं नाही.

"येत्या मार्चला बसताय का?"

"व्हय," ती म्हणाली आणि लगेच तिनं सुधारलं, "हो."

"मीपण."

त्याचं नाव काळूराम घरत. पेणकडच्या खारेपाटातला, मिठागरावर राबणाऱ्या घरातला. वय छत्तीसच्या आसपास. लाँच कंपनीचा तिकीट कारकून म्हणून तो आगरदांड्याला एकटाच राहायचा. बायको बाळंतपणात गेली होती, आणि आई, कृष्णाबाई, गावी होती. एस. एस. सी.ला तो दोनदा बसला होता आणि दोनदा नापास झाला होता. हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

लाँच पलीकडे गेली की परत यायला तासभर लागायचा. तेवढा वेळ खिडकीसमोर कुणी नसायचं. खिडकीबाहेर एक लाकडी बाक होता. पुढच्या रविवारी राही बाजारात गेलीच नाही, त्या बाकावर बसली. काळूरामनं आतून एक गठ्ठा आणला. मागच्या आठ वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या, सुतळीनं शिवलेल्या.

"सगळं पुस्तक वाचायचं नाही," तो म्हणाला. "आपल्याला तेवढा वेळ नाही. हे बघा."

त्यानं एका मोठ्या कागदावर रेघा मारून तक्ता केला होता. उभ्या बाजूला धडे, आडव्या बाजूला सालं. जो धडा ज्या साली विचारला, तिथं फुली.

"लागोपाठ दोन वर्षं एकच प्रश्न सहसा येत नाही. म्हणजे गेल्या साली फुली असलेलं सोडा. ज्याच्यासमोर दोन-तीन वर्षं फुली नाही, ते यंदा येणार. ते पाठ करा."

"आणि नाही आलं तर?"

"चार-सहा तरी येतातच. आपल्याला पस्तीस मार्क हवेत, बाई. शंभर नकोत."

राहीला हसू आलं. कितीतरी दिवसांनी कुणी तिला 'आपल्याला' म्हटलं होतं.

त्यांनी धडे वाटून घेतले. आठवडाभर तिनं इतिहास आणि शरीरशास्त्र वाचायचं, त्यानं भूगोल आणि भूमिती. रविवारी एकमेकांना सांगायचं. तो सांगायचा तेव्हा खिडकीच्या आत उभा राहून सांगायचा, ती बाहेर बाकावर. मध्येच कुणी खलाशी किंवा टोपलीवाली आली की तो तिकीट फाडायचा आणि जिथं थांबला होता, तिथूनच पुढं सुरू करायचा. राही आठवड्यात जे वाचायची, ते त्याला कसं सांगायचं हे चढ चढताना मनात जुळवत राहायची.

बरोबर उत्तराखाली रेघ ओढा, असे प्रश्न असायचे, त्यांचंही त्यानं शास्त्र केलं होतं.

"येत असेल ते आधी करून टाका. नंतर राहिलेल्यांकडे या. चारांतली दोन उत्तरं तरी उघड चूक असतात. ती मनातल्या मनात खोडा. उरलेल्या दोनांत जे आधी मनात आलं, त्याखाली रेघ. मागं फिरून बदलायचं नाही."

"आणि काहीच कळलं नाही तर?"

"तरी रेघ ओढायची. कोरं सोडायचं नाही. कोऱ्याला शून्यच. रेघेला मिळालं तर मिळालं."

गावात बोलणं सुरू झालं. चंद्राबाईंना कमी ऐकू यायचं, पण हे त्यांना ऐकू आलं. "बाय, दर आयतवारी तिथं बसतीस म्हणं. लोकं बोलतात." राही म्हणाली, "अभ्यासाला जाते." "मंग जा," त्या म्हणाल्या. "पण पुस्तक वर धर. दिसू दे लोकांना."

त्या दिवसापासून ती पुस्तक छातीशी धरून जायला लागली.

दोघांनी फॉर्म एकाच दिवशी भरले, म्हणून नंबर पाठोपाठचे आले. त्याचा आधी, तिचा नंतर. केंद्र अलिबागला होतं. राही भावजयीच्या एका मावशीकडे उतरली. काळूराम कुठं उतरला, ते त्यानं सांगितलं नाही. हॉलमध्ये तिचा बाक बरोबर त्याच्या मागं होता. आठ दिवस तिनं त्याची पाठ पाहिली. धुऊन पिवळट झालेला सदरा, मानेवर उन्हाचा काळा पट्टा.

मराठी, गणित बरं गेलं. तक्त्यातले धडे आले, सगळे नाहीत, पण आले. इतिहास-भूगोलाच्या दिवशी मात्र दोन मोठे प्रश्न असे आले की ज्यांच्यासमोर गेल्या सालीच फुली होती. जे येत होतं ते राहीनं लिहिलं आणि रेघांच्या प्रश्नांकडे वळली. दहा होते. सात येत होते. तीन येत नव्हते. दोन चूक उत्तरं मनात खोडली, उरलेल्यांत जे आधी मनात आलं त्याखाली रेघ ओढली, आणि हात पाठीमागं घेऊन बसली, पुन्हा बदलू नये म्हणून.

पुढं काळूरामची पाठ हलत नव्हती. पेन बाकावर आडवं होतं. तो विचार करतोय, असं तिला वाटलं. घंटा होईपर्यंत तो तसाच होता.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अंदाज हुकला."

"दोनच हुकले," तो म्हणाला. "व्हाल पास." त्यानं 'होऊ' म्हटलं नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मेअखेरीला पावसाळ्यासाठी लाँच बंद झाली आणि तो पेणला गेला. निकाल जूनमध्ये लागला. म्हसळ्याहून येणाऱ्या एस. टी.नं दिघीला वर्तमानपत्र यायचं. राहीनं दुकानात उभ्यानंच ते उघडलं. बारीक आकड्यांच्या ओळीवर बोट फिरवत गेली. तिचा नंबर होता. त्याच्या अलीकडचा, काळूरामचा, जो तिला स्वतःच्या नंबराइतकाच पाठ होता, तो नव्हता. तिनं तीनदा पाहिलं. दुकानदारानं विचारलं, "काय बाई, हाय का न्हाय?"

"आहे," ती म्हणाली.

त्यानं तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तो तोंडात टाकून ती चढ चढली. घरी चंद्राबाईंना ओरडून सांगावं लागलं. त्यांनी दोन्ही हातांनी तिची दृष्ट काढली आणि पुन्हा भाताच्या रोपांकडे गेल्या. त्यानंतर सांगायला कुणी उरलं नाही. भावाला पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. काळूरामचा गावचा पत्ता तिच्याकडे होता. दोनदा पोस्टकार्ड घेतलं. काय लिहायचं ते सुचलं नाही. 'मी पास झाले' एवढं लिहिलं तर ते वाईट दिसेल, आणि ते गाळून दुसरं काय लिहायचं? दोन्ही कार्डं तशीच राहिली.

नारळी पौर्णिमेनंतर काही दिवसांनी लाँच सुरू झाली. पहिल्याच रविवारी ती पलीकडे गेली. तो खिडकीत होता.

"अभिनंदन," तो म्हणाला. "पेपरात बघितलं मी."

"तुमचं कशात गेलं?"

"इतिहास-भूगोलात. दोन मार्कांनी."

ती बाकावर बसली. "रेघांचे दहा होते."

"होते."

"किती केलेत?"

"पाच येत होते. ते केले."

"आणि बाकीचे पाच?"

त्यानं तिकिटांच्या पुस्तकाची कडा अंगठ्यानं सरळ केली. "सोडले."

"तुम्हीच सांगितलंत, कोरं सोडायचं नाही."

"सांगितलं. बरोबरच आहे ते." तो खाडीकडे बघत होता. "पण माझा हात जात नाही, बाई. माहीत नसताना रेघ ओढायची म्हणजे खोटं सांगितल्यासारखं वाटतं. आधीच्या दोन्ही वेळांना हेच झालं. या खेपेला ठरवून गेलो होतो. पेन उचललं, आणि नाही झालं."

राहीला त्या विषयात सदतीस मिळाले होते. अंदाजानं ओढलेल्या तीन रेघा काढल्या, तर ती कुठं उरली असती, हे तिनं उन्हाळ्यात कधी मोजलं नव्हतं. आता ते आपोआप मोजलं गेलं.

"मी तीन ओढल्या," ती म्हणाली. "न येणाऱ्या."

"मग? मीच शिकवलंय ते." तो हसला. त्या हसण्यात टोचणी नव्हती, तरी तिला ती लागली.

तिनं पिशवीतून पुढच्या मार्चचा फॉर्म काढून खिडकीत ठेवला. मुरूडच्या हायस्कूलमधून माणूस पाठवून मागवला होता. "पुन्हा बसा. मी येत जाईन रविवारी. तक्ता नवा करू."

"तुम्हाला आता काय गरज?"

"मला इथं येता येईल," ती म्हणाली. याहून खरं असं तिला काही सांगता येईना.

तीन रविवार ती गेली. तक्त्यात बासष्टची फुली भरली. पण ते पूर्वीसारखं होईना. पूर्वी दोघांनाही येत नव्हतं. आता ती विचारायची आणि तो उत्तर द्यायचा. चुकलं की ती सांगायची. चौथीच्या मुलांशी बोलताना येतो तो आवाज आपल्या तोंडून निघतोय, हे तिला स्वतःलाच ऐकू यायचं. तिसऱ्या रविवारी त्यानं भूमितीचं पुस्तक मिटलं.

"बाई, राहू द्या."

"का?"

"तुम्ही शिकवायला लागलात." तो रागावला नव्हता. "पहिलं बरं होतं."

फॉर्मची तारीख आली आणि गेली. फॉर्म खिडकीतल्या फडताळावर तिकिटांच्या जुन्या थप्प्यांखाली होता. त्यानंही तो काढला नाही, तिनंही विचारलं नाही.

तरी रविवारी ती जात राहिली. दुसरीकडे जायला जागा नव्हती. ट्रेनिंगचा हुकूम पुढच्या जूनशिवाय येणार नव्हता. लाँच पलीकडे गेली की दोघं आपापल्या जागी बसायची, तो आत, ती बाहेर. मांडीवर पुस्तक नसल्यामुळे हात कुठं ठेवायचे, हे तिला कळायचं नाही. तिनं एकदा चंद्राबाईंच्या म्हशीचं सांगितलं. त्यानं एकदा आईच्या गुडघ्याचं सांगितलं. ती दोन्ही बोलणी लवकर संपली.

एका रविवारी वाऱ्यामुळे लाँच अर्धा तास अडकून पडली. पाण्यावर बघत तो म्हणाला, "आज उशीर होणार."

"हो," राही म्हणाली.

थोड्या वेळानं त्यानं आतून तांब्या आणि पेला आणून खिडकीच्या फळीवर ठेवला. ती पाणी प्यायली आणि पेला पालथा घातला. मग लाँचचा भोंगा ऐकू आला. राही उठली आणि तिकिटासाठी रांगेत उभी राहिली. तिच्या पुढं दोन टोपलीवाल्या होत्या. तिचा नंबर आल्यावर त्यानं तिकीट फाडून दिलं, आणि मागच्या माणसाला विचारलं, "किती?"