भेट द्यावी

कोर्टाच्या निकालात कामाची ओळ एकच होती. 'वडिलांनी दर दुसऱ्या रविवारी मुलीस तिच्या राहत्या घरी भेट द्यावी.' बुद्धभूषणनं ती वाचली आणि आता पोरगी दिसणार म्हणून मंठ्यात आपल्या साऊंड सर्व्हिसच्या दुकानाबाहेर पेढे वाटले. त्याच्या माजी सासऱ्यानं, अण्णासाहेबांनी, तीच ओळ वाचली आणि चष्मा पुसला. अण्णासाहेब रिटायर हेडमास्तर. एका शब्दाचे दोन अर्थ असतात, हे पोरांना शिकवण्यात त्यांची हयात गेली. त्यातला आपल्या सोयीचा तेवढा उचलायचा, हे मात्र ते कुणी न शिकवता शिकले होते.

पहिल्या रविवारी बुद्धभूषण जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, पिंपळगाव रेणुकाईत पोचला. दार अण्णासाहेबांनीच उघडलं.

"जयभीम, मामा. पायल हाय का?"

"जयभीम. भेट कुठंय?"

"भेटायलाच आलोय की."

"भेट द्यावी, असं लिहिलंय. घ्यावी असं न्हाई. तुम्ही तर हात हलवत आलात." आणि दार लागलं.

पुढच्या खेपेला त्यानं फ्रॉक आणला. अण्णासाहेबांनी तो दाराच्या फटीतून घेतला, "भेट पोचली" म्हणाले आणि कडी घातली. त्याच्या पुढच्या खेपेला केक आणला. तोही आत गेला. आतून पायलचा आवाज आला, "आजोबा, पप्पा आलेत का?" आणि भरल्या तोंडाचं उत्तर आलं, "कुरियरवाला होता."

घटस्फोट झाला होता नवराबायकोचा. पण आपल्याकडं नवरा बाद झाला की बापही त्याच्याबरोबर फुकटात बाद होतो. अण्णासाहेब म्हणजे राज्यघटनेची उद्देशिका झोपेत म्हणून दाखवणारा माणूस, पण स्वतःच्या उंबऱ्याआत निजाम! बुद्धभूषणनं वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, अर्ज टाकू, तारीख पडेल. तारखा पडेपर्यंत पोरगी दहावी पास झाली असती. मग त्यानं अण्णासाहेबांच्या घरासमोर राहणाऱ्या चांगुणाबाईच्या फोनवर फोन लावून पायलला बोलावून घेतलं. त्यानं 'बेटा' म्हणून हाक मारली, तर आठ वर्षांची पोरगी फोन कानाला लावून म्हणाली, "कोण बोलतंय?"

त्या रात्री तो जेवला नाही.

चौथ्या खेपेला तो टेम्पो घेऊन आला. टेम्पोतून कमरेएवढा, चाकं असलेला स्पीकर उतरवला. त्याला लाल रिबन बांधलेली होती.

"हे काय?" अण्णासाहेब म्हणाले.

"भेट. तुम्हीच वाचून दाखवलं ना, मामा."

अण्णासाहेबांचे डोळे चकाकले. जयंतीला भाषण ठोकायला घरचाच स्पीकर! त्यांनी तो ओढत आत नेला आणि कडी घातली.

बुद्धभूषण समोर चांगुणाबाईच्या ओट्यावर जाऊन बसला. तिनं च्या दिला. त्यानं खिशातून, बॅटरीवर चालू करूनच दिलेल्या त्या स्पीकरचा कॉर्डलेस माईक काढला आणि फुंकर मारली. अण्णासाहेबांच्या बैठकीत वादळ सुटल्यासारखा आवाज झाला.

"हॅलो, हॅलो. पायल, मी कुरियरवाला बोलून राह्यलो."

आत भांडं पडलं. "बंद करा ते! बटन कुठंय?" अण्णासाहेब ओरडले. बटणं दाबता दाबता त्यांनी आवाज वाढवला आणि स्पीकरवर लाल-निळे दिवे गरगरायला लागले. स्पीकरच्या पाठीमागच्या खणात दुसरा माईक असतो, हे दुकानात वाढलेल्या पायलला बराबर माहीत होतं.

"पप्पा?"

सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"बोल बेटा."

"तुम्ही कुठं हाव?"

"समोरच. च्या पिऊन राह्यलो."

"आजोबा तर म्हणले, पप्पा येतच न्हाई."

नळावरच्या बायांनी हंडे खाली ठेवले. चांगुणाबाई कुजबुजली, "केकचं विचार, केकचं."

"केक आवडला का, बेटा?"

"मला एकच तुकडा भेटला. बाकीचा आजोबांनी खाल्ला, अन् आईला सांगितलं मांजरीनं खाल्ला. पप्पा, आजोबाला शुगर हाय, तरी ते गोळीच्या डब्बीत पेढे..."

दार धाडकन उघडलं. दारात अक्षता उभी, पायलची आई.

"बाबा, तुम्ही आत जा. तुमच्या मांजरीचं मी मागून बघते." मग ती ओट्याकडं वळली. घटस्फोटाचा एक फायदा तिनं पुरेपूर घेतला होता. 'अहो'चं 'अरे' केलं होतं. "लाज हाय का रे? सगळ्या गल्लीत तमाशा!"

"मंग काय करू? दार उघडत न्हाई तुम्ही!" हेही माईकवरूनच गेलं.

"बघ. बोलायला माईक लागतो तुला! नऊ वर्षं घरात होतास. ताटावर बसल्यावर 'मीठ दे'च्या पुढं तोंड उघडलं न्हाईस. लोकांच्या वरातीत बोंबलायचं अन् घरी आलं की मुकं. पोरगी येऊन गुडघ्याला बिलगायची, तू मोबाईलमंदी. बाबांनी दार लावलं अन् मी गप बसले, ते उगी न्हाई. आत येऊन बोलणार काय हाईस तिच्याशी?"

चांगुणाबाईनं नजर दुसरीकडं फिरवली. कोर्टात त्याच्यावर पुष्कळ आरोप झाले होते, निम्मे खोटे. हा कुणी केला नव्हता, आणि हाच एक बिलकुल खरा होता.

त्यानं माईक बंद केला.

"तिनं मला फोनवर 'कोण बोलतंय' विचारलं, अक्षता."

"काय म्हणला? काय म्हणला?" नळावरून कुणीतरी ओरडलं.

अक्षतानं नळावरच्या बायांकडं डोळे वटारले. मग दारातून बाजूला सरली. "दोन तास. घरातच. अन् बोलायचं. न्हाई बोललास तर पुढच्या खेपेला कडी मी घालीन."

बुद्धभूषण आत जाऊन खाटेवर बसला. पायल त्याच्यासमोर उभी राहिली. वरातीत हजार माणसं नाचवणारा गडी, पण इथं शर्टाची बटणं चाचपत बसला.

"जेवलीस का?"

"हो."

झालं. संपलं. अक्षतानं कपाळाला हात लावला. त्यानं पोरीकडं नीट पाहिलं.

"हा पुढचा दात कधी पडला गं?"

पायलनं माईक तोंडाजवळ धरला. "त्याची लई मोठी गोष्ट हाय."

"शाळेत पडला!" आतून अण्णासाहेब ओरडले.

"आजोबा, तुम्ही गप बसा. पप्पानं मला विचारलंय," पायल म्हणाली, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी, दात हलायला लागला तिथून सुरू झाली.