गायरानावर पसरलेला चारा

गावाला चारा पाठवला मी, आणि गायरान मारलं तेही मीच. लोक म्हणतील, संघमित्रा, एवढं काय मनाला लावून घेतेस? घेणारच. मी कळंबोलीत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंग बघते. दोन वर्षांपूर्वी आमच्या जालन्याकडे दुष्काळ पडला, तेव्हा इथं लोखंड बाजारामागच्या मोकळ्या प्लॉटवर गुडघाभर गवत वाळत उभं होतं. एक गाडी तिकडं रिकामीच चालली होती. मी चार माणसं लावली, गवत कापून गाडी भरली. त्यात पांढऱ्या फुलांचं गाजर गवतही होतं, बी धरलेलं. मला दिसलं होतं. म्हटलं, शेळ्यांना नको असेल ते त्या सोडतील, त्यांना कोण शिकवणार?

माझ्या वडिलांनी, अप्पांनी, तो चारा आपल्या दारात उतरवलाच नाही. गायरान गावाचं, तर चाराही गावाचा, असं म्हणून तिथंच सगळीकडं पसरला. गावची झाडून सगळी जनावरं आली आणि चाऱ्याबरोबर खालचं पवन्या-मारवेल, होतं नव्हतं ते चांगलं गवत, मुळापर्यंत खाऊन गेली. जमीन उघडी पडली. पावसाळ्यात तिच्यावर गाजर गवताशिवाय काही उगवलं नाही.

यंदा पुन्हा पाऊस नाही. काल अप्पा विळा घेऊन माझ्या दारात हजर.

"बाराच शेळ्या राह्यल्यात," म्हणाले. "गायरानातल्या त्या घाणीला कोनी तोंड लावत न्हाई. मागच्यासारखी एक गाडी भरून दे, पोरी. गाव अजून तुझं नाव काढतंय."

"तिथं आता बिल्डिंग झालीय, अप्पा," मी धडधडीत खोटं बोलले. पण ते ऐकतायत होय? आज सकाळी मी उठायच्या आत ड्रायव्हर लोकांना विचारत विचारत प्लॉटवर पोचले. मी मागोमाग पळत गेले.

या टोकापासून त्या टोकापर्यंत कमरेएवढं गाजर गवत. अप्पांनी एक फूल तळहातावर चुरगाळलं, बी निरखलं.

"हेच धाडलं होतंस?"

"होय. मला दिसलं होतं, अप्पा. मला वाटलं..." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते तिथंच दगडावर बसले.

"माझंबी चुकलं. खाली गवत दाट असतं, तर ह्याला रुजायला जागा घावली नसती. मीच सगळ्यांची जनावरं घातली त्याच्यावर."

"मी सुट्टी टाकते. आपण उपटून काढू."

"गेल्या साली सगळ्या गावानं उपटलं. हात सुजले, अंगाला खाज सुटली. पुन्यांदा तेवढंच आलं. आन् मारवेलाचं बीच न्हाई राह्यलं आता तिथं."

मग त्यांनी मोबाईल काढून शेजारच्या बाजीरावकाकांना लावला. "सोमवारच्या बाजारात शेळ्या ने," म्हणाले. "बाराच्या बारा." तिकडून काकांनी चाऱ्याचं विचारलं असणार.

"हाय की चिक्कार. पोरगी गाडी भरून द्याया तयारच हाय रं. मीच नको म्हनलो."